कौसल्याकाकूचे तेहतीस इंची टायर

कौसल्याकाकू उंचीने माझ्या खांद्याला लागते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा उंचीचाच आहे. साठीला टेकलेली बाई, अंगाने गोल गरगरीत, आणि आवाज असा की तिने घरात मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरचे लोक डबा घेऊन येतील. घोडपदेवच्या आमच्या चाळीत मी लग्न होऊन आले, तेव्हा शेजारीण म्हणून पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की तुला सुकट भाजता येते की तू नुसतीच शिकलेली आहेस. मी नुसतीच शिकलेली होते. तेव्हापासून आमचं जमतं.

तिच्या नवऱ्याला, म्हणजे जगदीशकाकांना, अख्खी चाळ अहोजाहो करते. काकूला कुणी करत नाही. तिला कुणी ‘अहो काकू’ म्हटलं की तिला वाटतं वर्गणी मागायला आलेत आणि ती दार लावून घेते.

काका माझगावच्या गोदीत होते, आता निवृत्त आहेत. घर चालतं ते काकूच्या सुक्या मासळीवर. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून सुके बोंबील, सुकट, खारे बांगडे उचलायचे आणि लालबाग-परळच्या खानावळींना आणि ओळखीच्या घरांना पोचवायचे, हा तिचा धंदा. सुरुवातीला ती टॅक्सीने माल आणायची. पण एकदा टॅक्सीत बोंबील बसले की दुसऱ्या दिवशी त्या टॅक्सीत गिऱ्हाईक बसत नाही, त्यामुळे हळूहळू तिला बघितलं की टॅक्सीवाले काच वर करायला लागले. तेव्हा चाळिशी उलटलेली ही बाई गाडी शिकायला गेली. शिकवणारा म्हणाला, मावशी, पाय पोचत नाहीत. काकू म्हणाली, उशी मी आणते, तू शिकव. मग तिने एक छोटा टेम्पो घेतला आणि कित्येक वर्षं चालवला. चाळीतली मांजरं त्या टेम्पोला नातेवाइकासारखी ओळखायची.

भांडण या टेम्पोवरूनच झालं. काकूचं माहेर देवगडच्या बाजूला. घर घाटीच्या वर, म्हणजे दगडाधोंड्यांची चढण चढून गेलं की मग खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, आणि खळ्यापलीकडे घर. भाच्याच्या लग्नाला काकू हौसेने टेम्पो घेऊन गेली. घाटीत मधोमध एक दगड आहे, त्यावर टेम्पोचं पोट टेकलं आणि गाडी ना पुढे ना मागे. वऱ्हाडी मंडळी वरून बघत होती. काकूची वहिनी शेवंती खळ्याच्या कडेला आली, नाकाला पदर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “गाडी खालीच रवली, वास मात्र वर पोचलो.”

लोक हसले. काकूचा भाऊ जयवंत, तोही हसला, आणि मग खाली बघायला लागला. काकू तो चढ चालत चढली, वहिनीच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “आता येतलय ती गाडी घेवनच, तुझ्या खळ्यात. नायतर येवचय नाय.” लग्न होईपर्यंत ती थांबली, पंक्तीत वाढलंसुद्धा, आणि निघाली ती पुन्हा गेलीच नाही.

बाहेरच्याला यात गंमत वाटेल. मला वाटत नाही. काकू माहेरासाठी झुरत होती. चतुर्थीला ती दोन घरांचे मोदक करायची आणि दुसऱ्या घराचे आम्हाला आणून द्यायची, तेही ओरडून, जणू ते आम्हीच मागितले होते. भाऊ दुपारी बायकोचा डोळा लागला की चोरून फोन करायचा, आणि फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ उगाच भांडी घासत बसायची. पण शब्द दिला होता, आणि काकूच्या शब्दाला मागे सरकायची सवय नाही. टेम्पोलाही नव्हती म्हणा.

तर अशी काही वर्षं काढल्यावर काकूने टेम्पो विकला आणि माझगावच्या एका शेडमधून एक जुनी जीप आणली. आता इथे माझा नवरा येतो, त्याचं नाव संघर्ष. रे रोडला त्याचं टायरचं दुकान आहे. टायर सोडून त्याला जगात कशातच रस नाही. आमच्या लग्नात सगळे नवरीकडे बघत होते, तेव्हा हा आमच्या पाहुण्यांच्या बसचे टायर किती झिजलेत ते बघत होता. काकूने त्याला घाटीची हकिकत सांगितली आणि वर सांगितलं की जीप अशी कर की तो दगड खालून बघत राहील.

संघर्षने एका ओळखीच्या मिस्त्रीकडून जीपचे स्प्रिंगचे पाटे बदलून घेतले, लांब शॉकप टाकले, आणि जीप चांगली वीतभर वर उचलली. जुनी छोटी चाकं तशीच होती. उंच बाप्याने पोराच्या चपला घालाव्यात तशी ती दिसत होती. पण काकू खूश होती, कारण आता ती चाळीच्या पहिल्या मजल्याशी जवळजवळ डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकत होती.

प्रश्न होता तो दगडाचा. तो नक्की केवढा? काकूने भावाला मापायला सांगितलं. बायकोला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून जयवंतमामा दुपारच्या उन्हात छत्री घेऊन घाटी उतरले, दगडापाशी छत्री मूठ खाली करून उभी केली आणि फोनवर सांगितलं की दगड मुठीच्या वर चार बोटं. संघर्षने विचारलं, छत्री कुठली? घडीची की लांब दांड्याची? मामांनी तिथूनच सांगितलं की काळी, लांब दांड्याची, बाबांची. तशीच छत्री जगदीशकाकांकडे निघाली. तिच्या मापाने आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक रचून तो दगड हुबेहूब उभा केला गेला, आणि काकूने त्यावरून जीप नेली.

खण्ण झालं. चाळीतली कबुतरं उडाली.

संघर्षने खाली झोपून बघितलं आणि मग सगळ्यांना समजावलं. पाटे उंच केले की गाडीचं अंग वर जातं. पण मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, तो चाकांच्याच दांड्यावर बसलेला, तो पाट्यांनी वर जात नाही. तो वर न्यायचा तर चाकच मोठं हवं. काकूने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग हे आधी का नाही सांगितलंस? संघर्ष म्हणाला, तू आधी दगड कुठे दाखवलास?

यावर दोघांची जुंपली. एकतीस इंची टायर पुरतील, असं संघर्षचं म्हणणं. काकूने विचारलं, पुरतील की उरतील? तिला उरणारे हवे होते. वहिनीच्या दारात कसंबसं पोचायचं नव्हतं, ऐटीत पोचायचं होतं. शेवटी तेहतीसवर ठरलं. नियमात हे बसतं का, असं मी विचारलं. संघर्ष म्हणाला, बघू. काकू म्हणाली, तू गप बस. हा विषय मीही इथेच सोडते.

मोठा टायर आणला आणि बसवला असं ते नसतं, हे मला तेव्हा कळलं, आणि कळून माझा काही फायदा झाला नाही. जुन्या रिमवर एवढा रुंद टायर घातला तर वळताना तो आत पाट्यांना घासतो. म्हणून चाक थोडं बाहेर काढणाऱ्या रिम घ्याव्या लागतात. चाक बाहेर आलं की ते वरच्या मडगार्डला घासायची भीती. म्हणजे आतलं टाळावं तर बाहेरचं. आमच्या चाळीतही साधारण असंच असतं, त्यामुळे मला समजायला वेळ लागला नाही.

संघर्षने आधी पुढचं एकच चाक बसवलं. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघितलं. हवेत सगळं ठीक होतं. पण गाडी हवेत चालत नाही. खड्ड्यात एक चाक वर गेलं आणि वर माणसं बसलेली असली की अंग खाली दबतं, आणि तेव्हा खरं काय ते कळतं. असं एक चाक वर चढवायला दुकानात सोय नव्हती. चाळीचा दगडी ओटा मात्र होता. आणि वजनाला चाळीचं गोविंदा पथक होतं.

हे पथक गोपाळकाल्याआधी दोन महिने कुणाला काही करू देत नाही, आणि बाकीचे दहा महिने स्वतः काही करत नाही. तेव्हा मे महिना होता, पोरं रिकामीच होती. काकूने जीपचं डावं पुढचं चाक ओट्यावर चढवलं आणि मागे सगळ्या पोरांना भरलं. जागा पुरेना, तेव्हा ती सवयीने एकमेकांच्या मांड्यांवर चढली. कप्तान राहुल तर दुसऱ्या थरावर उभा राहून हात वर करून सलामी द्यायला लागला. काकू खिडकीतून ओरडली की गाडी तपासायची आहे, हंडी फोडायची नाही. जगदीशकाका तेवढ्यात कुठे दिसेनासे झाले. काकूने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं.

खर्र.

उजवीकडे वळवलं तर काही नाही. पोरं उतरवली तर काही नाही. पोरं चढवून डावीकडे वळवलं की खर्र. संघर्षने मडगार्डची कड आत ठोकून घेतली. तरी खर्र. अंग कमी दबावं म्हणून वर रबराचे जाड गुटके लावले. खर्र. चाक अजून जरासं बाहेर काढलं, तरी खर्र. बरं, घासल्याची खूण कुठेच दिसेना. संघर्षला रात्री झोप लागेना आणि तो मलाही झोपू देईना. अंथरुणात बसून हाताने चाक वळवून दाखवायचा.

शेवटी काकू म्हणाली, कापून टाक ते मडगार्ड. गाडी तिची, पत्रा तिचा. संघर्षने ग्राइंडर आणला, चष्मा चढवला. मशीन सुरू झालं, तेवढ्यात जगदीशकाका, ज्यांनी आयुष्यात कधी काकूच्या मधे एक पाऊल टाकलं नव्हतं, ते मडगार्डला पाठ लावून उभे राहिले.

“कापू नकोस रे,” ते म्हणाले. “ते माझं आहे.”

काय तुमचं आहे, असं काकूने विचारलं. काकांनी खाली वाकून मडगार्डच्या आत, अगदी वर, जिथे माणसाची नजर जात नाही, तिथे हात घातला आणि सुतळी सोडली. आतून निघाला एक काळा बूट. लहान पोराचा. त्यात एक बिब्बा आणि सात मिरच्या. बूट त्यांच्या लेकीचा, प्राचीचा, ती पहिलीत असतानाचा. आता प्राचीची स्वतःची मुलगी पहिलीत आहे. जीप आली तेव्हापासून चाळ तिच्याकडे टक लावून बघतेय, नजर लागेल म्हणून काकांनी गुपचूप बांधला होता. बाहेर लटकवला असता तर काकूने काढून फेकला असता, म्हणून आत. छोटी चाकं होती तोवर तो निवांत लोंबत होता. तेहतीसचा टायर आला आणि बूट त्यावर चालायला लागला. आपल्या बुटामुळे आवाज येतोय हे काकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आता सांगावं, मग सांगावं, करता करता गोष्ट ग्राइंडरपर्यंत आली.

संघर्षने चष्मा काढला, मशीन बंद केलं आणि तो दुकानाच्या दिशेने चालत गेला. त्या दिवशी तो जेवायलाही आला नाही. गोविंदांची पोरं ओट्यावर लोळून हसत होती. मला वाटलं, आता काकांचं काही खरं नाही. काकूने तो बूट हातात घेतला, उलटा केला, तळ बघितला. नंतर तिने तो काकांना परत दिला आणि म्हणाली, मागच्या नंबरप्लेटखाली बांधा, नजर मागूनच लागते. हे तिने कुठून काढलं कोण जाणे.

चारही चाकं लागली आणि जीपचा रुबाब बदलला. बरोबर काही गोष्टीही बदलल्या. स्टेपनी मागे बसेना, तेवढी जागाच नव्हती. ती सध्या आमच्या घरात पलंगाशेजारी उभी असते आणि आलेला पाहुणा खुर्ची समजून तिच्यावर बसतो. स्टिअरिंग जड झालं, म्हणून काकू वळण आलं की दोन्ही हातांनी आणि तोंडाने गाडी वळवते. आणि मोठ्या चाकांमुळे वेगाचा काटा कमी दाखवायला लागला. संघर्षने तिला बजावून सांगितलं की काटा दाखवतो त्यापेक्षा तू जोरात चाललेली असतेस. काकू म्हणाली, “माझ्या वयासारखोच हा. गाडी पुढे जाता, काटो मागे रवता.”

चढायचं कसं, हा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. मासळीच्या प्लास्टिकच्या क्रेटला दोरी बांधली. क्रेट उलटा ठेवायचा, त्यावर चढायचं, तिथून वर, आणि मग बसल्या जागेवरून दोरीने क्रेट ओढून घ्यायचा. उतरताना आधी क्रेट उतरायचा आणि मग काकू. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत ही जीप शिरली की लोक धंदा सोडून हा सोहळा बघायला थांबायचे.

आता निघायचंच राहिलं होतं. सोमवारी पहाटे जायचं ठरलं. काकूने वहिनीला साडी घेतली होती. मी बघितली, चांगली भारी होती. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली की शत्रूला हलकं देऊ नये. आणि शनिवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, जयवंतमामांचा फोन आला. ही त्यांची फोन करायची वेळ नव्हे. फोन वाजला आणि काकू भिंतीला टेकलीच.

शेवंतीवहिनीचा गुडघा गेला होता. चालता येत नव्हतं. तिकडच्या डॉक्टरांनी परळच्या एका हॉस्पिटलात दाखवायला सांगितलं होतं, आणि दोघं रात्रीच्या बसने निघत होते. कुठे राहायचं हे मामांनी विचारलं नाही आणि काकूनेही सांगितलं नाही. ते विचारायचं नसतंच.

फोन ठेवल्यावर काकू जशी भडकली तशी मी तिला आजवर बघितलेली नाही. मी हिच्या दारात जायचं म्हणून पाटे बदलले, चाकं बदलली, अंगणात दगड बांधला, पोरं नाचवली, आणि आता हीच माझ्या दारात येते. मुद्दाम करते. गुडघासुद्धा मुद्दाम गेला असेल. असं बोलत बोलत तिने बादली भरली आणि खाली जाऊन जीप धुवायला लागली. साबणाने धुतली, लिंबं चोळली, चिंचेचं पाणी मारलं, आत कापूर जाळला. मी मदतीला गेले तर म्हणाली, जरा वास घेऊन बघ, येतो का. मी वास घेतला आणि खोटं बोलले. मग ती पुन्हा धुवायला लागली. तिला भीती वाटत होती. एवढी दांडगी बाई, आणि त्या एका वाक्याला अजून घाबरत होती, हे बघून मला फार वाईट वाटलं.

पहाटे लालबागला बस लागते तिथे आम्ही सगळे होतो. काका, काकू, संघर्ष आणि मी. फुलवाल्यांनी नुकती दुकानं मांडली होती. बसमधून आधी जयवंतमामा उतरले, मग त्यांचा हात धरून एकेक पायरी करत शेवंतीवहिनी. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. इतकी वर्षं ऐकून माझ्या डोक्यात मोठी धिप्पाड बाई होती. ही तर वाळलेली, पांढऱ्या केसांची, हातात काठी. काकूही तिच्याकडे बघतच राहिली.

वहिनी काठी टेकत जीपपाशी आली. टायर तिच्या कमरेला लागत होता. तिने काठीने टायरला टोचून बघितलं. मग मान पुढे करून वास घेतला, उघड उघड.

वहिनीने विचारलं, “लिंबाचो वास येता. बोंबील इकूचा सोडलंस काय?”

सोडलं नाही, असं काकूने सांगितलं. वहिनीने मान डोलावली. यात टोमणा होता की नाही, हे आम्हाला कुणालाच कळलं नाही.

मग चढायची वेळ आली. काकूने क्रेट लावला. वहिनीने चांगला पाय त्यावर ठेवला, मामांनी मागून आधार दिला, आणि क्रेट कडकन मधोमध फुटला. संघर्षने तिला वेळेवर धरलं म्हणून बरं. ती धापा टाकत काठीवर उभी राहिली. जीपचा दरवाजा तिच्या छातीशी होता. बाजूला एक टॅक्सी उभी होती, ठेंगणी, काळी-पिवळी, दार उघडलं की कुणीही सहज बसेल अशी. ड्रायव्हर आमच्याकडे बघून गालात हसत होता.

काकूने त्या टॅक्सीकडे बघितलं. मी तिला कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्या सकाळी ऐकलं. ती काकांना म्हणाली, टॅक्सी करा. तिला टॅक्सीने न्या, मी मागून येते.

काका निघाले तेवढ्यात वहिनीने काठी आडवी धरली.

“टॅक्सी कित्याक?” ती म्हणाली. “मी गावात सगळ्यांका सांगान इलय, नणंदेच्या गाडयेन जातलय म्हणान.”

काकूने चपला काढल्या. पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, जीपच्या दारापाशी गेली आणि गोविंदांची पोरं खालच्या थराला उभी राहतात तशी उभी राहिली. एक पाय पुढे, गुडघा वाकलेला, मांडी आडवी, एका हाताने दरवाज्याची कडी घट्ट धरलेली. तिने दुसऱ्या हाताने स्वतःच्या मांडीवर थाप मारली, म्हणजे इथे पाय ठेव.

वहिनी मागे सरली. माहेरवाशिणीच्या अंगाला पाय लावायचा नसतो, पाप लागतं, असं ती पुटपुटली. भर रस्त्यात तर नाहीच नाही.

“लाव गो वयनी,” काकू म्हणाली. “इतकी वर्सां जिभेन लाथा मारलंस, त्यापेक्षा ह्यो पाय हलको.”

जयवंतमामा फुलवाल्याकडे बघायला लागले. वहिनीने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग तिने आधी वाकून काकूच्या मांडीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि पाय ठेवला. काकू जागची हलली नाही. संघर्षने आणि मी मागून धरलं, मामांनी काठी घेतली, आणि शेवंतीवहिनी वर जाऊन पुढच्या सीटवर बसली.

तिने पदराने आधी घाम पुसला, मग डोळे. रस्त्याकडे वरून एकदा इकडून तिकडे बघून घेतलं. मग खिडकीतून खाली वाकली आणि काकूला म्हणाली, “चाकां भायर इली, गाडी रुंद झाली, ता आयकलय मी. गडगो पाडलो हा.”

गडगा म्हणजे खळ्याच्या कडेची चिऱ्यांची भिंत. काकूच्या बापाने स्वतः रचलेली. तिच्यामधून माणूस जाईल एवढीच वाट होती, आणि या गोष्टीचा विचार इतक्या दिवसांत घोडपदेवमध्ये एकाही शहाण्याने केला नव्हता. आम्ही सगळे दगड मापत बसलो होतो. जीप घाटी चढून भिंतीसमोर थांबली असती. मामा म्हणाले की छत्री घेऊन जाताना हिने मला पहिल्याच दिवशी बघितलं होतं. मग म्हणाले, मजूर मिळेनात, तुझी निघायची तारीख जवळ आली होती, म्हणून ही स्वतःच चिरे उचलून बाजूला लावायला लागली. माझं ऐकलं नाही. त्यातच गुडघा गेला.

वहिनीने वरून त्यांना गप्प बसायला सांगितलं.

काकू हळूच गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडलं आणि तशीच उभी राहिली, कारण क्रेट फुटला होता आणि सीट तिच्या खांद्याला लागत होती. आम्ही कुणी पुढे व्हायच्या आत वहिनी आतून आडवी सरकली. दुखरा पाय सरळ ठेवून तिने हात खाली दिला.

“चड आता,” ती म्हणाली.

काकूने तो हात धरला आणि चढली.